परदेशी कुलूप, घरचं माप

फोन मोज्यात गुंडाळून आला. मोजा धुतलेला होता, एवढं मी मेहुण्याच्या बाजूने मान्य करतो.

मेहुण्याच्या ऑफिसातले एक गृहस्थ सुट्टीवर इकडे आले होते. त्यांनी तो दारात आणून दिला, ग्लासभर पाणी प्यायले आणि गेले. बायकोने मोजा उलटा केला, फोन ओढणीने पुसला आणि माझ्यापुढे धरला.

"त्याने नवा घेतला. हा तुमच्यासाठी पाठवलाय, खास."

"'खास' हा शब्द त्याचा की तुझा?"

"घ्या आता," ती म्हणाली.

हे विचारायला कारण होतं. मेहुणा आणि मी एकमेकांशी बोलत नाही. आमचं भांडण आहे असा लोकांचा गैरसमज आहे. भांडणात माणसं बोलतात, किंबहुना जरा जास्तच बोलतात. आमचा अबोला आहे, आणि अबोला नीट पाळायचा तर शिस्त लागते. जो आधी बोलेल तो हरला, हा त्यातला मुख्य नियम. मेहुण्याचा फोन येतो, बायको बोलते, मी शेजारच्या खुर्चीत पेपर उघडून बसतो आणि त्यातलं एक अक्षर न वाचता सगळं ऐकतो. "दाजी बरे आहेत का, विचारतोय," ती म्हणते. "बरे आहेत म्हणावं," मी म्हणतो. "बरे आहेत," ती फोनमध्ये म्हणते. माझा आवाज त्याला आधीच ऐकू गेलेला असतो. पण नियम म्हणजे नियम.

हे सुरू झालं मेहुणा परदेशी निघाला त्या दिवशी. मी वजनमापे निरीक्षक आहे. दुकानदारांचे काटे तपासणं, वजनं खरी आहेत की नाहीत ते बघून त्यांवर शिक्का मारणं, हे माझं काम. त्यामुळे त्याची बॅग तोलायची जबाबदारी ओघानेच माझ्याकडे आली. ती मी न्हाणीघरातल्या लुटुपुटीच्या काट्यावर तोलली नाही. कचेरीतून शिक्क्याचा काटा आणला, दिवाणखान्यात सपाट जागा बघून मांडला, पंखा बंद केला आणि मग तोलली. विमान कंपनीच्या मर्यादेपेक्षा अर्धा किलो कमी भरली. मी तसं जाहीर केलं. सगळे निर्धास्त झाले.

विमानतळावरच्या काट्यावर तीच बॅग मर्यादेपेक्षा अडीच किलो जास्त भरली. मागे ही रांग. सगळ्यांदेखत त्याला बॅग जमिनीवर ठेवून उघडावी लागली. तेव्हा तो मान वर करून, नको तितक्या स्पष्ट आवाजात म्हणाला, "दाजी, तुमचं माप चुकलं."

शिंप्याला चारचौघांत टक्कल पडलंय म्हटलं तर तो हसेल. टाका उसवलाय म्हटलं तर हसणार नाही. मी त्याला उत्तर दिलं नाही. मी तडक काउंटरच्या पलीकडे गेलो आणि त्यांच्या काट्याच्या पडताळणीचा दाखला मागितला. तो मागण्याचा मला अधिकार आहे की नाही याबद्दल तिथे मतभेद झाले. दोन सुरक्षारक्षकांच्या सोबतीने मी परत आलो तोवर मेहुण्याने दोन जाड पुस्तकं आणि एक बुटांचा जोड काढून बहिणीच्या हातात दिला होता आणि तो आत निघून गेला होता. तेव्हापासून आमचा अबोला आहे.

आता तो इतक्या वर्षांनी पहिल्यांदाच येणार होता. बायको आणि लहान मुलगी घेऊन. आणि त्याने ताईला सांगितलं होतं की जवळपास एखादं बरं हॉटेल बघून ठेव, घरी उतरलो तर दाजींना उगाच अवघडल्यासारखं होईल. बायकोने हे मला कपड्यांच्या घड्या घालता घालता सांगितलं. आवाजात काही नव्हतं. फक्त तिने एका चादरीची घडी घातली, मोडली आणि पुन्हा तीच घातली. सख्खा भाऊ गावात येणार आणि हॉटेलात राहणार, हे तिला किती लागलं होतं ते मला दिसत होतं. मलाही वाईट वाटलं. पण वाईट वाटणं वेगळं आणि आधी बोलणं वेगळं.

अशा वेळी हा फोन आला. मी विचार केला. घेणं म्हणजे बोलणं नव्हे. मी घेतला.

इथे माझ्या हातून जरा घाई झाली. माझा जुना फोन फुगला होता आणि रबरबँडवर चालला होता. त्यामुळे मी त्याच संध्याकाळी बाजारात गेलो, जुना फोन दुकानदाराला देऊन टाकला आणि त्याच्या बदल्यात नव्यासाठी कव्हर आणि काच बसवून घेतली. मग रुबाबात सिमकार्ड नव्या फोनमध्ये घातलं. पडद्यावर उमटलं की हे सिम इथे चालणार नाही, कुलपाची किल्ली द्या.

दुकानदार वाकून बघत म्हणाला, "हा तिकडच्या कंपनीला बांधलेला फोन आहे. दुसऱ्या कुणाचं कार्ड घेणार नाही."

"मग सोडवा."

"मी नाही सोडवू शकत. आणि साहेब," त्याने आवाज उतरवला, "माझ्याकडे काटा नाही हं. आम्ही काहीच तोलून विकत नाही."

हा माझ्या नोकरीचा शाप आहे. बाजारात कुणी मला गिऱ्हाईक म्हणून वागवत नाही. मी माझा जुना फोन परत मागितला, तर तोवर त्याने तो उघडून आतले सुटे भाग वेगवेगळ्या डब्यांत टाकले होते. मी काच आणि कव्हर यांनी सजवलेली एक मुकी वस्तू घेऊन घरी आलो. सिमकार्ड बायकोने मसाल्याच्या डब्यातल्या रिकाम्या वाटीत ठेवलं, म्हणजे हरवायला नको.

बातमी जिन्यातून वर गेली आणि खालीही आली. तळमजल्यावर निवृत्त हेडसर राहतात. ते म्हणाले, "अर्ज करा. जगात अर्जाने उघडत नाही असं कुलूप नाही." मी अर्ज केला. माझं इंग्रजी नोटिशीतलं आहे, दुसरं मला येत नाही. त्यामुळे त्या परदेशी कंपनीला मी असं लिहून बसलो की सदर कुलूप आपण सात दिवसांचे आत हटवावे, अन्यथा पुढील परिणामांस आपण जबाबदार राहाल. कंपनीचं उत्तर क्षणात आलं. माझी भावना त्यांच्यासाठी मोलाची होती. पण कुलूप काढण्याची विनंती फक्त मूळ मालकच करू शकत होता.

मूळ मालक म्हणजे मेहुणा.

"त्याला सांगू का?" बायकोने विचारलं.

"नको," मी म्हणालो. "त्याने वस्तू दिली, ती चालत नाही असं आपण कळवायचं, म्हणजे मागणं झालं. मागणं म्हणजे बोलण्याचाच प्रकार."

ती हॉटेलांची छायाचित्रं बघत होती.

वरच्या मजल्यावर विमा विकणारे राहतात. माणूस तसा वाईट नाही, पण आमचा लोखंडी खलबत्ता नेऊन त्यांनी तो परत केलेला नाही. कधी नेला ते मला ठाऊक नाही. एकदा ओट्याखाली दिसला नाही म्हणून विचारलं, तर बायको म्हणाली, "वरच्यांनी नेलाय." तो माझ्या आईचा खलबत्ता. मी तोंडाने मागितला नाही, ते माझ्या स्वभावात बसत नाही. पण जिन्यात गाठ पडली की मी सहज म्हटल्यासारखं म्हणतो, "हल्ली लोक नेलेली वस्तू परत करत नाहीत." त्यावर ते अगदी मनापासून म्हणतात, "अहो, काय सांगू, माझी शिडी अशीच गेली." निगरगट्टपणाचीही एक हद्द असते. मी त्यांच्याकडून विमा घेत नाही.

तर हे विमावाले आपणहून आले, फोन हातात घेऊन उलटासुलटा केला आणि म्हणाले, "थंड मुलखातला आहे ना? इथल्या हवेत गांगरला असेल. थोडा वेळ फ्रीजमध्ये ठेवा." खलबत्ता न देणाऱ्याचा सल्ला मी का ऐकला, हे मला आजही सांगता येत नाही. फोन फ्रीजमधून बाहेर आला तेव्हा त्याला घाम फुटला होता. कुलूप होतं तिथेच होतं.

यानंतर मी डॉक्टरकडे गेलो. डॉक्टर हे त्या माणसाचं टोपणनाव, तो फोन दुरुस्त करतो. डोळ्याला भिंग लावून बसतो, फोनला पेशंट म्हणतो आणि पेशंटच्या नातेवाइकांना बाहेर बाकावर बसवतो. पुष्कळ वेळाने त्याने मला आत बोलावलं. चेहरा गंभीर होता.

"कुलूप निघालं नाही," तो म्हणाला. "पण बाकी बराच फरक पडलाय."

फरक असा पडला होता की फोनची भाषा बदलून त्या देशाची झाली होती आणि आंधळ्या माणसांसाठी असते ती सोय सुरू झाली होती. म्हणजे पडद्याला बोट लागलं की आतून एक बाई खणखणीत आवाजात त्या भाषेत काहीतरी वाचून दाखवायची. हे बंद कसं करायचं तेही त्या भाषेत लिहिलेलं होतं. डॉक्टर म्हणाला, पेशंट बोलायला लागला हे चांगलं लक्षण आहे.

याशिवाय दररोज भर दुपारी तो गजर करायला लागला. गजर मेहुण्याचा होता, काढायचा राहिलेला. हेडसरांनी दोन्हीकडच्या वेळांची वजाबाकी केली आणि सांगितलं की तिकडे तेव्हा पहाट असते, चांगली काळोखी. इतक्या पहाटे उठून हा कामाला जातो, हे मला माहीत नव्हतं. आमच्या घरी राहायचा तेव्हा त्याला तोंडावर पाणी मारून उठवावं लागायचं, आणि ते कामही माझ्याकडेच होतं. तो गजर बंद करताना मला दर वेळी जरा कसंतरीच व्हायचं.

फोन मी घरी ठेवू शकत नव्हतो, कारण बायको एकटी असताना ती बाई बोलली की ती दचकायची. म्हणून मी तो खिशात बाळगू लागलो. एके दिवशी मी साखरेच्या एका घाऊक व्यापाऱ्याकडे तपासणीला गेलो होतो. मोठा जमिनीवरचा काटा. मी वजनं चढवली, काटा बरोबर. उतरवली, बरोबर. आता निघावं म्हणून वाकून वही उचलली, तर खिशातली बाई बोलली. एक लांबलचक वाक्य, शेवटी आवाज चढलेला.

व्यापारी पांढराफटक पडला. "हे काय आहे साहेब?"

मी खरं तेच सांगितलं. "परदेशातून आलंय."

बाई पुन्हा बोलली. चोराच्या मनात चांदणं म्हणतात ते मी त्या दिवशी पाहिलं. व्यापाऱ्याने हात जोडले, काट्याखाली हात घातला आणि तिथून तपासणीपुरता बाजूला सरकवलेला एक लोहचुंबक काढून माझ्यासमोर ठेवला. मग न विचारता दुसऱ्या काट्याखालचाही काढला. "यंत्रापुढे काय लपणार?" तो म्हणाला.

इतकी मोठी लबाडी माझ्या हातून कधी पकडली गेली नव्हती. कचेरीत माझं कौतुक झालं. ते संध्याकाळपर्यंत टिकलं. दुसऱ्या दिवशी साहेबांनी बोलावलं.

"ते परदेशी यंत्र तुम्ही कोणत्या मंजुरीने वापरलंत?"

"साहेब, यंत्र नाही, फोन आहे."

"व्यापाऱ्याने जबाबात यंत्र म्हटलंय. चुंबक ओळखणारं, बोलणारं. मंजुरी नसलेलं यंत्र वापरून केलेली कारवाई कोर्टात उभी राहायची नाही."

"साहेब, खरंच फोन आहे हो."

साहेब खुर्चीत मागे रेलले. "फोन आहे ना? मग मला लावून दाखवा."

तो लागत नव्हता. साहेबांनी पडद्याला बोट लावलं. बाईने त्यांना काहीतरी ऐकवलं, आणि त्यांच्या चेहऱ्यावरून ते त्यांना आवडलं नसावं. सोमवारपर्यंत तो फोन असल्याचं सिद्ध करा, नाहीतर लेखी खुलासा द्या, असा आदेश झाला. चोवीस वर्षांच्या नोकरीत माझ्याकडे कुणी खुलासा मागितला नव्हता. घरी आल्यावर मी बूट न काढता खुर्चीत बसलो.

बायकोने सगळं ऐकून घेतलं. मग तिने तिच्या फोनवरून भावाला फोन लावला आणि आतल्या खोलीत जाऊन बोलली. बाहेर येऊन म्हणाली, "रविवारी सकाळी. कंपनीची बाई, तो आणि तुम्ही, तिघं एकाच वेळी फोनवर पाहिजे. मालक तो, फोन तुमच्या हातात, म्हणून दोघं लागतात. कंपनीचा नियम आहे."

"तू बोल ना माझ्या वतीने."

"मी मधे नाही," ती म्हणाली. इतक्या वर्षांत ती असं पहिल्यांदाच म्हणाली. "मी दमले आता मधे राहून. इकडचं तिकडे, तिकडचं इकडे. तुमचं तुम्ही बघा."

रविवारी सकाळी बायकोने तिचा फोन टेबलावर ठेवला, आवाज मोठा केला आणि ती ओट्याशी जाऊन भांडी विसळू लागली. मी शर्ट घालून बसलो होतो. आधी खरखर झाली, मग कंपनीच्या बाईंचा आवाज आला. संभाषण इंग्रजीत झालं, ते मी मराठीत देतो.

"दोघंही लाइनवर आहात का?" त्यांनी विचारलं.

"मी आहे," मेहुण्याचा आवाज आला.

"मीही उपस्थित आहे," मी म्हणालो.

"छान. तर हँडसेट ज्यांच्याकडे आहे त्यांनी मला मागचा लांब आकडा वाचून दाखवावा." मी वाचला. शासकीय पद्धतीने, प्रत्येक आकडा सुटा.

"त्यांना सांगा, जरा हळू वाचायला," मेहुणा बाईंना म्हणाला.

"सर, ते तुम्हाला ऐकू शकतात," बाई म्हणाल्या.

"सदर ग्राहकास कळवावे," मी म्हणालो, "की आकडा योग्य त्या गतीने वाचला आहे."

बाईंचं टायपिंग थांबलं. "सर, तेही तुम्हाला ऐकू शकतात. तुम्ही दोघं एकमेकांना ओळखता ना?"

"नात्याने," मी म्हणालो.

"तसे ओळखतो," मेहुणा म्हणाला.

ओट्याकडून भांड्यांचा आवाज जरा वाढला.

"ठीक आहे," बाई म्हणाल्या. "आता मालकांसाठी सुरक्षेचा प्रश्न. खातं उघडताना तुम्ही स्वतः निवडलेला प्रश्न आहे. उत्तर बरोबर आलं तरच पुढे जाता येईल. तीन संधी आहेत. त्या संपल्या तर हा फोन कायमचा बंद होईल. प्रश्न असा आहे: तुम्हाला सायकल कोणी शिकवली?"

मी खुर्चीत सरळ झालो.

लग्नानंतरच्या पहिल्या उन्हाळ्यात सासुरवाडीला गेलो असताना मेहुणा शाळेत होता आणि सायकलला भीत होता. रोज सकाळी मैदानात मी मागचं कॅरिअर धरून धावायचो. नवा जावई, इस्त्रीची पँट, आणि मी सायकलमागे धावतोय. सासरे गॅलरीत उभे राहून बघायचे आणि जावयाची किंमत करायचे, असा मला संशय आहे. हे त्याला माहीत होतं. मलाही माहीत होतं. आणि त्याला माहीत होतं की मी ऐकतोय.

"मी स्वतः शिकलो," मेहुणा म्हणाला.

"चूक," बाई म्हणाल्या.

माझा श्वास मोठा झाला, तो सगळ्यांना ऐकू गेला असावा.

"वडिलांनी," मेहुणा म्हणाला.

"चूक. शेवटची संधी, सर. नीट आठवा."

ओट्यावरचा नळ बंद झाला. मी वळून पाहिलं. बायको हातात ओलं पातेलं घेऊन तशीच उभी होती, आणि ती फोनकडे बघत नव्हती, माझ्याकडे बघत होती. मला एकाएकी त्या साहेबांचं, त्या खुलाशाचं काहीच वाटेनासं झालं. वाटलं, तो आता तिसरंही चुकीचं सांगेल आणि संपेल सगळं. फोन बंद होईल, तो हॉटेलात उतरेल, आणि ही अशीच चादरींच्या घड्या घालत राहील.

मग तो म्हणाला, हळू, आणि मराठीत म्हणाला, "दाजींनी. सायकल मला दाजींनी शिकवली."

"सर, माझ्यासमोरच्या उत्तरात फक्त पहिला शब्द आहे, त्याचं शेवटचं अक्षर काढून सांगा," बाई म्हणाल्या.

"दाजी."

"बरोबर," बाई म्हणाल्या आणि टाइप करू लागल्या.

मी बोलायचं ठरवलं नव्हतं. ते निघून गेलं. "पहिल्याच दिवशी गटारात गेला होतास," मी म्हणालो. मराठीत. थेट त्याला.

"तुम्ही कॅरिअर सोडलंत म्हणून!"

"कॅरिअर मी मैदानाच्या मध्यावरच सोडलं होतं. अर्धं मैदान तू एकटा गेलास. मागे वळून बघितलंस म्हणून पडलास."

"खरं?"

"गुडघा फुटला होता. मी खांद्यावरून घरी आणला तुला."

तो हसला. मग म्हणाला, "तुम्ही आधी बोललात हां, दाजी. मी कंपनीला उत्तर दिलं. तुम्ही बोललात."

हा मुद्दा वादाचा आहे आणि त्याबद्दल माझं मत वेगळं आहे, पण तेव्हा तो बाजूला पडला, कारण तो लगेच पुढे म्हणाला, "मापाच्या बाबतीत मात्र तुमचं तेव्हा चुकलंच होतं."

"माझं माप चुकलेलं नव्हतं!" मी उभा राहिलो. "पंखा बंद करून तोललं होतं! अर्धा किलो शिल्लक होता!"

"मग तीन किलो आले कुठून?"

"तेच मला आजवर कळलेलं नाही! काय काय होतं तुझ्या त्या बॅगेत?"

"तुमच्यासमोरच भरली होती की. कपडे, पुस्तकं, बूट, चादर, खलबत्ता..."

"कुठला खलबत्ता?"

"लोखंडी. जुना. तुमच्याच घरातला. इथे रोज वापरतो आम्ही. विमानतळावर काढणार होतो, पण ताई म्हणाली, तो राहू दे, पुस्तकं काढ."

मी ओट्याकडे वळलो. बायको पातेलं पुसत होती. पातेलं केव्हाच कोरडं झालेलं होतं.

"अगं," मी म्हणालो.

"तिकडे मिळत नाही चांगला," ती पातेल्याला म्हणाली. "तुमचं तोलून झाल्यावर आठवलं. अर्धा किलो शिल्लक आहे असं तुम्हीच म्हणालात."

"खलबत्ता अर्धा किलोचा असतो?"

"मला काय माहीत? मी काय निरीक्षक आहे?" मग तिने पातेलं खाली ठेवलं. "विमानतळावर एवढं झालं, मग सांगायचा धीरच झाला नाही. तुम्ही दोघं बोलला असतात तर दुसऱ्याच दिवशी कळलं असतं. पण तुम्ही बोललात कुठे? आणि मी सगळ्यांचे निरोप पोचवत बसले."

"ताई!" फोनमधून आवाज आला. "म्हणजे दाजींचं माप..."

"रेंज जातेय," बायको म्हणाली. "बाहेर गॅलरीत जाऊन बोला."

रेंज मुळीच जात नव्हती. कंपनीच्या बाईंनी घसा साफ केला. "सर, कुलूप निघालं आहे. तक्रार पूर्णपणे निकाली निघाली असं नोंदवू का?"

"नोंदवा," आम्ही दोघं एकदमच म्हणालो.

सोमवारी मी साहेबांसमोर त्या फोनवरून साहेबांनाच फोन लावला. त्यांच्या टेबलावरचा फोन वाजला, त्यांनी उचलला आणि म्हणाले, "हॅलो, कोण बोलतंय?" त्यांना उत्तर देण्याआधी मी थोडा थांबलो. मान असा कधीतरीच परत मिळतो, तो घाईने घेऊ नये.

मेहुणा आमच्या घरी उतरला. आल्या आल्या त्याने बॅग उघडून खलबत्ता काढला आणि टेबलावर ठेवला. मी काटा कचेरीतून आणूनच ठेवला होता. पंखा बंद केला. खलबत्ता बत्त्यासकट तीन किलो भरला, पुढे मागे काही नाही. मेहुण्याने वाकून काटा बघितला, मग माझ्या पायाला हात लावला आणि म्हणाला, "माप बरोबर होतं, दाजी." त्याची मुलगी मधेच काट्यावर चढली म्हणून बरं झालं, नाहीतर माझं काही खरं नव्हतं. तीही मी तोलली.

तेवढ्यात बायकोने खलबत्ता उचलून पदराखाली घेतला.

"कुठे निघालीस?"

"वरच्यांना देऊन येते," ती म्हणाली. "इतकी वर्षं त्या बिचाऱ्यांचं नाव सांगितलं मी. आता निदान खोटं तरी पडायला नको."

माझ्या आईचा खलबत्ता, परदेशातून परत आलेला, असा जिना चढून गेला. त्या दिवसापासून मी विमावाल्यांशी अगदी मनमोकळं बोलतो, त्यांच्याकडून एक लहानसा विमाही घेतला.

खलबत्ता मात्र त्यांनी अजून परत केलेला नाही.